वर्षभर वापरलं नाही म्हणून कापड टाकायचं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घर आवरण्यावर पानभर लेख होता तो वाचला. फोटो मस्त होते, पांढऱ्या कपाटात पांढरे डबे, कुठल्या डब्यात काय आहे ते कळायला मार्ग नाही पण बघायला छान. त्यात शिवणकामाच्या कोपऱ्यासाठी एक वेगळी चौकट होती आणि तिच्यात पहिलीच सूचना अशी की वर्षभरात ज्याला हात लावला नाही ते कापड आणि ते सामान सरळ काढून टाका. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे, कारण हा प्रयोग मी दोन वर्षांपूर्वी स्वतः केलाय, आणि त्याची भरपाई अजून संपलेली नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी कारखान्यात टूलरूमला होतो, म्हणजे जिथे हत्यारं आणि साचे बनवतात तिथे, फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आमची ही शिवते, विणते, क्रोशा करते, हौस म्हणून आणि ओळखीच्यांचं म्हणून. निवृत्तीनंतर मीपण मशीनवर बसायला लागलो, पिशव्या आणि उशांचे अभ्रे इथवर मजल गेलीय, बाही मात्र अजून जमत नाही. बाहीचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा मुद्दाम थोडा मोठा कापतात आणि मग तो हळूहळू जिरवत बसवायचा, हे टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही, आमच्याकडे असं माप आलं असतं तर जॉब रिजेक्ट.

तर झालं असं की ही बहिणीकडे चार दिवस गेली होती आणि मला वाटलं आपण हिला सरप्राइज देऊ. कारखान्यात भिंतीवर फाइव्ह एसचा तक्ता असायचा, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, जपानी शब्द, म्हणजे नको ते बाजूला काढा, हवं ते जागेवर लावा, स्वच्छ करा, त्याची एक ठरलेली पद्धत बसवा आणि मग ती सोडू नका. यातल्या पहिल्या पायरीला लाल टॅग लावतात, ज्या वस्तूचं काम नाही असं वाटतं तिला लाल टॅग, ती एका कोपऱ्यात जमा करायची, काही दिवस कुणी विचारलं नाही तर निकाल लावायचा. मी लाल गोल स्टिकर आणले आणि तिच्या खोलीत सुटलो. धूळ दिसली की स्टिकर. पिशवीला गाठ मारलेली आणि गाठ घट्ट बसलीय म्हणजे बरेच दिवसात उघडलेली नाही, स्टिकर. तीन गोण्या भरल्या. टॅग लावल्यावर थांबायचं असतं, ज्याची वस्तू त्याला विचारायचं असतं, हे मला नोकरीत वर्षानुवर्षं माहीत होतं आणि घरी दुसऱ्याच दिवशी विसरलो, त्यातली एक गोणी मी देऊन टाकली पण.

ती आली, खोलीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मग म्हणाली, "अहो, निळ्या लोकरीचे दोन गुंडे कुठे गेले?" ते गेलेल्या गोणीत होते. मी म्हटलं आणून देतो त्यात काय, निळी लोकर काय दुर्मिळ आहे. आणली. त्याच कंपनीची, लेबलवर शेडचा नंबर तोच. तेव्हा कळलं की लोकरीच्या लेबलवर शेड नंबरशिवाय आणखी एक नंबर असतो, लॉटचा. एका वेळी जेवढी लोकर एकत्र रंगवतात त्या सगळीला तो एकच नंबर, आणि दुसऱ्या वेळी रंगवलेली लोकर त्याच शेडची असली तरी रंग अगदी तस्साच येत नाही. हातात दोन गुंडे धरले तर फरक कळणार नाही, पण विणून झालं की जिथून नवा गुंडा सुरू होतो तिथे आडवी रेघ उठून दिसते. आमच्याकडे हीट नंबर असायचा स्टीलला, एका भट्टीचा माल दुसऱ्यात मिसळायचा नाही म्हणून, म्हणजे ही गोष्ट मला कळायला हवी होती, सांगायला कुणी नको होतं.

तिने आरडाओरडा केला नाही. ती फक्त म्हणाली, कपाटातलं ताट वर्षभर लागलं नाही तर ते जास्तीचं आहे, पण कापडाचं ताट अजून झालेलंच नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. लेखात घोळ झालाय तो इथेच. वर्षभराचा नियम तयार वस्तूंना ठीक आहे, शर्ट, भांडी, चपला. शिवणाऱ्या माणसाच्या खोलीत तयार वस्तू जवळजवळ नसतातच, तिथे असतो कच्चा माल, अर्धं झालेलं काम आणि हत्यारं. कारखान्यात या तिघांची नोंद वेगळ्या वह्यांत असते आणि तिघांना नियम वेगळे असतात, घरी मात्र सगळं एकाच ढिगात आणि वर एकच नियम लावायचा, मग घोटाळा होणारच. स्टोअरमध्ये पडून असलेल्या स्टीलच्या बारला कुणी विचारत नाही की तू मागच्या वर्षी काय केलंस, विचारतात तो गंजला का, त्याचा ग्रेड कोणता ते कळतंय का, आणि उरलेल्या लांबीत काही निघेल का. कापडाला हेच तीन प्रश्न विचारायचे, बास.

मग आम्ही दोघांनी मिळून परत आवरलं, यावेळी स्टिकर तिच्या हातात आणि मी हमाल. ते कसं केलं ते जरा सविस्तर लिहितो, पुरवणीच्या वाचकांना उपयोग होईल.

आम्ही कापडापासून सुरुवात केली नाही. तिने आधी सगळ्या गाठी मारलेल्या पिशव्या पलंगावर आणून ठेवल्या, ज्यात शिवायला घेऊन सोडलेली कामं होती. चौदा निघाल्या. चौदा! मला वाटत होतं तीनचार असतील, तिला वाटत होतं सहासात. खोलीतला खरा पसारा हा होता, कारण एकेका पिशवीत कापड, त्याचं अस्तर, त्याचा दोरा, त्याची बटणं, पेपर कटिंग (कापडावर ठेवून कापायचा कागदी साचा), आणि बऱ्याचदा एक कात्री किंवा टेप पण अडकून बसलेला, म्हणजे हत्यारं सापडत नाहीत म्हणून आपण नवी आणतो आणि जुनी या पिशव्यांत गाडलेली असतात, आम्हाला मापाच्या तीन टेप आणि शिलाई उसवायच्या दोन उसवण्या मिळाल्या. आमच्या भाषेत याला डब्ल्यूआयपी म्हणायचे, वर्क इन प्रोग्रेस, आणि सुपरवायझर नेहमी ओरडायचा की शॉपमध्ये चालायला जागा नाही ती कच्च्या मालामुळे नाही, या अर्ध्या जॉबमुळे.

मी तिला म्हटलं आता प्रत्येक पिशवीवर एक चिठ्ठी लाव, त्यावर फक्त एवढंच लिही की हे काम पुढच्या कुठल्या पायरीवर अडलंय. "फ्रॉक पूर्ण करणे" असं नाही, "काज करायची" असं. लिहून झाल्यावर चिठ्ठ्या लावून बघितल्या तर सहा पिशव्या काजांवर अडलेल्या, तीन चेनवर, दोन जुळता दोरा नाही म्हणून, आणि राहिलेल्या तीन तिला आता आवडतच नव्हत्या. म्हणजे चौदा वेगवेगळी दुखणी नव्हतीच, काज हे एकच मोठं दुखणं होतं. आणि काज का अडली तर मशीनचा काजाचा पाय, म्हणजे काज करताना कापड दाबून धरायला लावतात तो भाग, हरवला होता, नवा आणायचा राहत गेला, आणि हाताने काज करायचा कंटाळा, मग प्रत्येक शर्ट शेवटच्या पायरीला येऊन पिशवीत जायचा आणि ही नवीन कापायला घ्यायची, कारण कापायला मजा येते. तो पाय शेवटी सापडला कुठे, तर त्या सहातल्याच एका पिशवीत, पट्टीच्या कापडात गुंडाळलेला!

दोन दिवस फक्त काजं केली. आधी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर दोन थर आणि मध्ये बकरम, म्हणजे कडक अस्तर, घालून एक नमुना, तो बरा आला की मग खरी. एकदा मशीनची सेटिंग बसली, की त्याच बैठकीत सगळ्या शर्टांची उरकायची, नुसता वरचा दोरा बदलायचा. चेनचं पण तसंच, चेनचा अरुंद पाय एकदा लावला की तिन्ही चेना एकामागे एक. सहा अधिक तीन, नऊ पिशव्या गेल्या आणि एक डबासुद्धा नवीन आणला नाही. लेखातल्या पांढऱ्या डब्यांत आम्ही त्या चौदा पिशव्या नीट लेबल लावून ठेवल्या असत्या तर खोली सुंदर दिसली असती आणि चौदा कामं तशीच राहिली असती. आवडत नसलेल्या तीन तिने उसवल्या, कापड धुवून इस्त्री करून परत कापडात, बटणं बटणात. आता नियम असा आहे की पिशव्या चारच, चार खुंट्यांवर टांगलेल्या, पाचवं काम कापायचं असेल तर एक खुंटी रिकामी करायची. हा नियम तिने केलाय, मी नाही, आणि महिन्यातून एकदा तीच तो मोडते.

आता कापड. पहिला प्रश्न, दम आहे का. जुनं कापड उभ्या आणि आडव्या धाग्यात दोन्ही हातांनी ताणून बघायचं, घडीच्या रेषेवर तर नक्की, कारण वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं कापड तिथेच आधी विरतं, खिडकीजवळ ठेवलेलं असेल तर घडीची कड उडालेली पण असते, उन्हाने रंगच जातो असं नाही, धागापण कमजोर होतो आणि रेशीम तर लवकरच. टर्र झालं की निकाल लागला, त्यात भावनेचा प्रश्न नाही. इलास्टिक तर मायादया न दाखवता तपासायचं, दहा इंचावर खूण करा, ताणा, सोडा, आणि टेपवर परत बघा, दहाला येत नसेल किंवा ताणताना कुरकुर आवाज येत असेल तर आतलं रबर संपलंय. ते नव्या कपड्यात घालायचं म्हणजे महिन्याभरात परत उसवायची तयारी.

दुसरा प्रश्न, हे काय आहे ते कळतंय का. पॉलिस्टर की सुती हे न कळणारं कापड पडूनच राहतं कारण इस्त्री किती गरम लावायची तेच ठरत नाही. यावर साधी जाळून बघायची पद्धत आहे, कडेचे चारदोन धागे काढायचे, चिमट्यात धरायचे, खाली स्टीलची थाळी, शेजारी पाणी, खिडकी उघडी. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख, लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास आणि बोटाने चुरडणारा काळा गोळा, पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. रेयॉनपण कागदासारखंच जळतं, त्यामुळे तिथे फसायला होतं, आणि मिक्स कापड असेल तर दोन्हीचं थोडं थोडं. पण निदान हे वितळणारं आहे की नाही एवढं तरी कळतं आणि इस्त्रीपुरतं तेवढं पुरतं. कळलं की तिथल्या तिथे चिठ्ठी, त्यावर कापड कसलं, लांबी, पन्हा आणि धुतलंय की नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, सुती कापड न धुता शिवलं आणि नंतर आटलं की शिवलेलं सगळं अंगाला तंग. चिठ्ठी टाचणीने लावू नका, दमट हवेत टाचणी गंजते आणि तो डाग जात नाही, सुईने एक धावदोरा घाला.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि यावर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं एका मापाखालचं सगळं फेका, तिचं म्हणणं काहीच फेकू नका. शेवटी तडजोड अशी झाली की अर्ध्या मीटरच्या वरचं सगळं कापडाच्या फळीवर, त्याखालचं पण विताहून मोठं ते तुकड्यांच्या टोपलीत रंगाप्रमाणे, आणि विताहून लहान ते भरायच्या पिशवीत. लांब पट्ट्या फक्त उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, असतील तरच पायपिंगसाठी ठेवायच्या, सरळ कापलेली पट्टी वळणावर बसत नाही, चुण्या पडतात, पण ती "पायपिंगला होईल" म्हणून वर्षानुवर्षं राहते. भरायच्या पिशवीबद्दल एक सांगतो, चिंध्या भरून उशी करायची कल्पना सगळ्यांना सुचते, मी एक केली, ती उचलताना हात दुखतो. चिंध्यांची उशी जड आणि गाठाळ होते, डोक्याखाली घ्यायची नाहीच, जमिनीवर बसायला ठीक, आणि त्यासाठीपण चिंध्या अगदी बारीक कापाव्या लागतात. या पिशवीचं तोंड बांधलं गेलं की ती भरली, दुसरी पिशवी सुरू करायची नाही, त्या दिवसापासून बारीक तुकडे कचऱ्यात. तिला हे अजूनही पटलेलं नाही.

फळीवर लावायची पद्धत मात्र माझी, तिने मान्य केलेली एकमेव. आधी कापडं एकावर एक चळत करून असायची, खालचं हवं असेल तर सगळी चळत खाली. मी आठ इंच रुंद फळकुट कापून दिलं, प्रत्येक कापड त्याच्यावर गुंडाळायचं, फळकुट काढून घ्यायचं, एकदा दुमडायचं, की सगळ्यांची रुंदी एकसारखी होते आणि मग ती पुस्तकांसारखी उभी लावता येतात. सगळे रंग एका नजरेत दिसतात. पहिल्याच दिवशी कळलं की आमच्याकडे एकाच गडद हिरव्या रंगाचं कापड चार वेगवेगळ्या वेळी घेतलेलं आहे, चळतीत तळाला गेलेलं कापड दिसत नाही म्हणून तेच परत आणलं जातं. झाकलेल्या सुंदर डब्यांवर माझा राग आहे तो यासाठी. पारदर्शक डबे घ्यायला हरकत नाही पण उन्हात ठेवायचे नाहीत. आणि खळ असलेलं कापड धुवून खळ काढूनच ठेवा, कसर खळीवर येते. लोकरीचं असेल तर घामाचा अंश राहायला नको, किडे तिथे आधी लागतात.

दोऱ्याची रिळं. एक वार दोरा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायचा आणि झटका द्यायचा, शेजारी नव्या रिळाचा दोरा तसाच तोडून बघायचा. जुना सुती दोरा सहज तुटत असेल तर तो मशीनला लावायचा नाही, पण टाकायचापण नाही, कच्च्या शिलाईला उत्तम, तिथे सहज तुटणाराच दोरा हवा असतो. या एका कामामुळे तिच्या आजीच्या काळातली रिळं वाचली. बॉबिन, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळी, मात्र व्हर्निअर हे बारीक मापाचं हत्यार लावून वेगळ्या केल्या, दोन मशीनच्या बॉबिन दिसायला जुळ्या पण उंचीत फरक, आणि चुकीची बसते, थोडी फिरते, मग खालचा दोरा गुंततो आणि आपण दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू पिळत बसतो. आता एका मशीनच्या बॉबिनला नेलपेंटचा ठिपका आहे.

सुयांबद्दल पण मला मजा वाटली. पाकिटावर ९०/१४ किंवा १००/१६ असं असतं, मी मायक्रोमीटर लावला तर ९० म्हणजे सुईच्या दांडीची जाडी ०.९० मिलिमीटर, १०० म्हणजे बरोबर १, आणि १४, १६ हे दुसऱ्या जुन्या पद्धतीचे आकडे. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशाने झाला नव्हता, ही म्हणाली आता सुई परत जागेवर ठेवा. अडचण अशी की मशीनमध्ये सध्या कुठली सुई आहे हे कुणालाच आठवत नाही, वापरलेल्या सुया पिनकुशनमध्ये खोचलेल्या, चांगल्या कुठल्या आणि टोक गेलेल्या कुठल्या सगळं गंगार्पण. साधारण आठ तास शिलाई झाली की सुई बदलावी असं म्हणतात, आम्ही मशीनच्या डोक्याला एक छोटा चिकट कागद लावतो, त्यावर सुईचा नंबर, साधी की टी-शर्टच्या कापडाची गोल टोकाची, आणि कधी घातली. मोडक्या सुया झाकणाच्या छोट्या बाटलीत, कचऱ्यात मोकळ्या नाही, कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा.

कात्र्यांचं थोडक्यात. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते हे सगळ्यांना माहीत असतं आणि घरातलं कुणीतरी लावतंच. मी भिंतीवर फळी ठोकली आणि प्रत्येक हत्याराचा आकार मागे काळ्या पेनने काढला, टूलरूमसारखा, म्हणजे रिकामी जागा लगेच ओरडते. पाहुणे हसतात. हसू देत.

पेपर कटिंगवर तारीख आणि कुणाच्या मापाचं ते लिहा. लहान मुलांची पेपर कटिंग म्हणजे वर्षभराच्या नियमाला लागू पडणारी खोलीतली बहुतेक एकमेव वस्तू, मूल वाढतं, कागद वाढत नाही. आमच्याकडे लेकीच्या दुसरीतल्या फ्रॉकचं कटिंग निघालं, लेक आता नोकरी करते. ते टाकलं. म्हणजे मला वाटलं टाकलं, नंतर ते उशीखाली दिसलं, मी काही बोललो नाही.

राहिलं मशीन आणि टेबल. खोली आवरताना मशीनची सुईखालची पत्र्याची पट्टी उघडून दात्यांमधला कचरा काढायचा कुणी विचार करत नाही, तिथे दोऱ्याचा भुसा आणि तेल मिळून नमदा तयार झालेला असतो, आमच्याकडे अक्षरशः थर सोलून निघाला. ब्रशने बाहेर ओढायचा, तोंडाने फुंकायचा नाही, फुंकलं की तो आत जातो आणि वर फुंकरीतला ओलावा. तेल मशीनचंच, पातळ पांढरं, घरातलं दुसरं कुठलंही घातलं तर काही दिवसांनी चिकट होतं. टेबलाचं म्हणाल तर शिवायला २८ ते ३० इंच उंची ठीक असते पण कापायला उभं राहावं लागतं आणि तेव्हा ३६ च्या आसपास हवी. ही इतकी वर्षं जमिनीवर नाहीतर पलंगावर वाकून कापत होती आणि कंबर दुखते म्हणत होती. मी टेबलाच्या पायांखाली बसतील असे सहा इंची लाकडी ठोकळे केले, वर खळगा पाडून, म्हणजे पाय सरकत नाही. एकदा एक अभ्रा शिवताना ती किती वेळा उठते ते मी मोजलं, अकरा वेळा, त्यातल्या सात वेळा इस्त्रीसाठी दुसऱ्या खोलीत. इस्त्रीचं टेबल शेजारी आणलं आणि अकराचे चार झाले. फक्त इस्त्री बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर लावू नका, वायर तापते.

संपादकसाहेब, लेख लिहिणाऱ्यांनी मेहनत घेतली असणार, कपाटाबद्दलचं आणि कागदपत्रांबद्दलचं मला पटलंसुद्धा. पण पुढच्या वेळी शिवणाच्या कोपऱ्यावर लिहाल तेव्हा एखाद्या चालू टेबलाचा फोटो छापा, ज्यावर धागे पडलेत, खडूचा चुरा आहे आणि चार पिशव्या टांगल्यात, आणि वर्षभराच्या त्या वाक्याच्या जागी निदान "ज्याचं आहे त्याला विचारून" एवढे शब्द घाला. आमच्या हिने त्या निळ्या स्वेटरसाठी जुन्या आणि नव्या लॉटचे दोन गुंडे एकदम घेतलेत, दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या, अशा विणते, म्हणजे रेघ एका जागी उठून न दिसता रंग हळूच बदलत जातो. एक बाही झाली. दुसऱ्या बाहीपुरती जुन्या लॉटची लोकर उरेल की नाही हे मी रोज वजनकाट्यावर बघतो, २२ ग्रॅम शिल्लक आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर

ता. क. चौकटीतल्या तिसऱ्या फोटोत कटिंग मॅट, म्हणजे कापताना खाली घालायची जाड चटई, खिडकीखाली भिंतीला टेकवून उभी ठेवलेली दिसते. ती ज्यांची असेल त्यांना कृपया सांगा की आडवी ठेवा, पलंगाखाली सपाट, उन्हापासून लांब. आमची तशीच उभी ठेवली होती, धनुष्यासारखी वाकली, आणि आता त्यावर रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कटर, चालवला की मधला भाग कापलाच जात नाही.